गोंगाटातल्या चिठ्ठ्या

त्या शनिवारी पाहुणे निघाले सतरा, आणि नाइल्याची पंचाईत झाली. तिच्या विमानात जोडीदाराशिवाय कुणाचं चालत नसे.

उल्यानोव्स्कच्या विमान संग्रहालयात ती गाइड होती, आणि तिथलं तू-१४४ हे सोव्हिएत प्रवासी विमान म्हणजे तिचा जीव की प्राण. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारं, उतरताना चोचीसारखं नाक खाली वाकवणारं. याच जातीचं पहिलं विमान कॉन्कॉर्डच्याही आधी, एकोणीसशे अडुसष्टच्या शेवटच्या दिवशी झेपावलं, हे ती अशा थाटात सांगे, जणू हिनेच मागून ढकललं होतं! पुढे आठवड्यातून एकदा मॉस्को ते कझाकस्तानातलं अल्मा-आता, दोन तासांत. आत मात्र इतका गोंगाट, की शेजारच्याशी चिठ्ठ्या लिहून बोलावं लागे. म्हणून नाइल्या पाहुण्यांना जोडीजोडीने बसवी, कागद-पेन्सिल देई आणि इंजिनांच्या आवाजाचं यंत्र सुरू करी.

सतरावा होता सांझार. खट्याळ डोळे, टोपीवर विरघळता बर्फ... शेवटी तीच त्याच्या शेजारी बसली. गोंगाट सुरू झाला. त्याने कागद सरकवला –

‘अल्मा-आताहून रेल्वेने आलो. हाडं खिळखिळी झाली. तुमचं विमान कुठे होतं?’

‘तुमची वाट बघून अठ्ठ्याहत्तरमध्येच थांबलं. प्रवाशांच्या पंचावन्न फेऱ्या झाल्या. कितव्या फेरीला येणार होतात?’

‘जिच्यात तुम्ही असाल, तिला.’

नाइल्याने पेन्सिलीचं टोक मोडलं. मुद्दाम नव्हे.

सांझार विमानतळाच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी दोन महिने आला होता. मग दर शनिवारी तो हजर. दाराशी माणसं मोजायची, आणि स्वतःला धरून आकडा सम आला, की कुणाला तरी गरम पिरोजकी खायला पिटाळायचं. एकटा उरायची ही युक्ती तिला दुसऱ्याच शनिवारी कळली, आणि कळल्याचं तिने दाखवलं नाही.

चिठ्ठ्यांमधून भांडणं झाली, चिडवाचिडवी झाली. बाहेर, शांततेत मात्र नाइल्याची बोबडी वळे. दिवसभर लोकांपुढे बोलणारी ही मुलगी त्याला साधं ‘पुन्हा या’ म्हणू शकत नव्हती.

शेवटच्या शनिवारी कागद आला –

‘इथल्या विमानतळावर एक जागा आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. नाहीतर उद्याची गाडी... काय करू?’

तिने लिहिलं, ‘थांबा.’

त्याने कागद परत सरकवला. खाली लिहिलं होतं – ‘हे मला ऐकायचंय.’

नाइल्या उठली. आजवर कधी केलं नव्हतं ते तिने केलं. यंत्र मधेच बंद केलं.

सगळ्यांच्या पेन्सिली हवेतच राहिल्या. माना वळल्या.

“सांझार... थांबा. जाऊ नका. मला – मला तुम्ही फार आवडता.”

मागच्या रांगेतल्या आजीबाईंनी कानाला हात लावला. “पोरी, शेवटचं नीट ऐकू नाही आलं गं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी परत सांग.”

विमानभर हसू पसरलं. नाइल्याही हसली, आणि तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांझारकडे बघत.

“थांबतो,” तो म्हणाला. तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.