नमुन्याची पिशवी

गेटला कडी घातलीस का रे? घाल. आणि तो मोबाईल खाली ठेव, भुतं व्हिडिओत येत नाहीत.

हे माझ्या एका दोस्ताचं आहे. ड्रिलर आहे तो. जमिनीला भोक पाडून पाइप घालायचा, पाइपातून तारेला बांधलेली नळी सोडायची आणि नळीत भरून खालचा दगड वर काढायचा, हा त्याचा धंदा. थापा मारणाऱ्यातला नव्हे. दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तरी त्याला घाम फुटतो.

गेल्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार. त्याच्या वहिनीच्या, थोरल्या भावाच्या बायकोच्या, हातचं जेवून तो उठला. काम साधंच होतं, जुन्या बंद खाणीवर. भूगर्भवाल्या बाईंचा फोन आलेला, "दादा, भोकात शेवटची नळी राहिलीय. आजच काढून ठेवा, सकाळी साहेब लोक येतायत." निघताना वहिनी म्हणाली, "दार नुसतं लोटून घ्या, भावजी." वर्षानुवर्षं ती हेच म्हणायची.

का, ते सांगतो. ती खाण चांदीची. छोटीशी. चांदीची म्हणजे तुम्हाला वाटतं तशी चकचकीत नाही. करडा, शिशाचा जड दगड आणि त्यात चिमूटभर चांदी. दगडाची ती शीर एका जागी सुरीनं कापल्यासारखी तुटली. वरचे म्हणाले, संपली. ड्रिलरचा थोरला भाऊ तिथं नमुने गोळा करायचा. तो म्हणायचा, "संपली नाही. डोंगर सरकलाय, शीर खाली उतरलीय." सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं.

एके दिवशी तो तळाच्या बोगद्यात उतरला, आणि त्याच दुपारी बोगदा बसला. पण हजेरीच्या फळीवर त्याचा पितळी बिल्ला परत लटकलेला! कुणी लटकवला, देव जाणे. बिल्ला वर म्हणजे माणूस वर. कुणी शोधलंच नाही. पुढे पंप बंद पडले, खाण पाण्यानं भरली. लोकांनी ठरवून टाकलं, बायकोला टाकून पळाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

वहिनी रडली नाही की भांडली नाही. आतून बधिर झाली. स्वयंपाक करायची, झोपायची. फक्त दाराला कडी लावणं तिनं सोडलं. पळालेला माणूस परत येतो ना कधीकधी, म्हणून.

मग चांदीचा भाव चढला, नवी कंपनी आली, आणि भोक पाडायचं काम नेमकं धाकट्याकडे. "तुला काही वाटलं नाही?" मी विचारलं. म्हणाला, "नाही. काहीच नाही वाटलं." त्यालाही तीच बाधा.

तर त्या दिवशी दुपारी पाइप एकदम खाली गेला होता. सटकन. खाली दगडच नाही, पोकळी. जुना बोगदा लागला होता. रात्री साडेअकराला तो तिथं पोचला. मदतनीस डिझेल आणायला गेलेला. इंजिन बंद. त्यानं दिवा लावला, पाइपला हात लावला.

ठक.

त्याला वाटलं, पाइप थंडीनं आकसला असेल. असं होतं.

ठक. ठक. ठक.

मग थांबलं...

ठक.

खाणीत काम केलेल्या कुणालाही विचारा. आधी तीन, मग एक. म्हणजे, माणूस आहे, सावकाश वर घ्या.

तो पळाला नाही. त्यानं पाना उचलला आणि पाइपवर एकदा मारला. कळलं, असं. मग नळीची तार हातानंच गुंडाळायला लागला. सावकाश. अगदी सावकाश.

"दादा..."

त्यानं तारेचा आणखी एक वेढा घेतला.

"दादा, येतोयस ना?"

...

नळी वर आली. पाणी निथळत होतं. त्यानं उघडली. दगड नव्हता. आत कापडी पिशवी होती, नळीच्या मापाची, गच्च भरलेली. लाल दोऱ्यानं शिवलेली.

तो तशीच घेऊन घरी आला. दार लोटलेलंच. वहिनी जागी होती. त्यानं पाइपवरची ठकठक सांगितली. तिनं पिशवी मांडीवर घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं. नमुन्याच्या पिशव्या तेव्हा तीच घरी शिवून द्यायची. पांढरा दोरा संपला म्हणून शेवटच्या पिशव्या लाल दोऱ्यानं शिवल्या होत्या. आणि तोंडाला डावखुऱ्याची उलटी गाठ. घरात डावखुरा एकच. तिनं ती एका झटक्यात सोडली. आत करडा, जड दगड. तुटलेल्या बाजूनं चमकणारा.

"म्हणजे पळाले नव्हते," वहिनी म्हणाली.

"नाही, वहिनी."

"माणूस वर घ्या म्हणाले, आणि पाठवला दगड?"

"हो."

"तसेच होते. आधी काम."

ड्रिलरला वाटलं, आता रडेल. रडली नाही. उठली, दारापाशी गेली आणि कडी लावली. आतून. मग जाऊन झोपली.

तो एकटाच बसला. पिशवी वाळत घालावी म्हणून उचलली...

काय रे, सरकलास का जवळ? बस, बस.

ती खाण तोंडापर्यंत पाण्यानं भरलेली. नळी पाण्यातून वर आलेली. त्याच्या बाह्या अजून कोपरापर्यंत ओल्या होत्या.

त्यानं पिशवी झटकली.

धूळ उडाली.