प्रसादाला कचरा कोण म्हणेल?

भंडाऱ्याचे दोन दिवस पाणी तपासणारा यंत्रमासा डोहाबाहेर ठेवायला डॉ. वत्सला शेलार कबूल झाल्या, कारण त्यात त्यांचा फायदा होता. नदीत उरलेले एकेचाळीस महसीर मासे या देवाच्या डोहात होते. त्यातले वीस वरच्या डोहांत सोडायला देवस्थानच्या नानांची सही हवी होती. तीस वर्षं मासे आणि गावोगावचा कचरा सांभाळलेल्या बाईला २०५८ साली, निवृत्तीआधी, एवढंच हवं होतं.

नाना म्हणाले होते, "देवाच्या माशांत बॅटरीचा मासा नको, बाई."

बाईंनी वाद घातला नाही.

भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौतीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. सुट्टीला आलेली बाईंची अकरा वर्षांची भाची रुंजी काठावर उभी राहिली.

"आत्या, विष घातलं कुणी?"

बाईंनी यंत्रमासा पाण्यात सोडला. तो म्हणाला, "विष नाही. प्राणवायू लिटरमागे एक मिलिग्रॅम. यांना निदान पाच लागतो."

तळाशी भाताचा थर होता.

"उरलेली दहा पातेली आम्हीच सोडली," नाना म्हणाले. "माशांच्या मुखी लागलं तर पुण्यच ना?"

"मग उरलेल्या अन्नाचा गॅस करायची ती टाकी कशाला बांधली?" रुंजीने विचारलं.

"तिच्यावर काय लिहिलंय ते वाच, पोरी. ओला कचरा. प्रसादाला कचरा म्हणू?"

ती अक्षरं आत्यानेच रंगवून घेतली होती. आत्या खाली बसली.

"भाताने मासे मेले?" रुंजीने तिला विचारलं.

"त्यांनी खाल्ला तो पचला. उरलेल्यावर सूक्ष्मजीवांची (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची) पंगत बसली. अन्न कुजवताना तेही श्वास घेतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू (मासे कल्ल्यांनी घेतात तो) त्यांनी संपवला. उन्हाळ्यात डोह वाहत नाही, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो."

"म्हणजे विषारी नसलेली घाणही मारते?"

"तूप घातलेला भातसुद्धा मारतो."

"यंत्रमासा आत असता तर?"

"पातळी उतरताच ओरडला असता. आपण हवेचा पंप लावला असता."

"मग काढलास का?"

"सही हवी होती," आत्या म्हणाली.



पंप लावला. सात मासे तगले. दुपारी नानांनी स्वतः टाकीवरची अक्षरं खरवडली. "आता काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"पोट लिहा," रुंजी म्हणाली. "पोटात गेलेलं वाया गेलं असं कुणी म्हणत नाही."

नाना प्रथमच हसल्यासारखे झाले, आणि त्यांनी कागदावर सहीही केली. आता पाठवायला वीस मासे नव्हते. सातांची वीण वाढायला पंधरा वर्षं तरी जातील, असं यंत्रमाशाने सांगितलं. तेव्हा मी सव्वीसची असेन, रुंजी म्हणाली, आणि पंप कसा चालवायचा ते शिकायला बसली.

एकूण असं झालं: गाव जेवलं, नानांचं पुण्य झालं, बाईंना सही मिळाली. किंमत चौतीस माशांनी भरली.