रात्रपाळीचा गवंडी

या, जवळ सरकून बसा. दमलात ना दिवसभर विटा उचलून? पाहिली मी तुमची भिंत. पोट आलंय तिला. वाईट वाटून घेऊ नका पोरांनो, पहिल्यांदा थापी हातात धरली की असंच होतं. राहू द्या तशीच.

अशाच एका शाळेवर माझ्या ओळखीचा एक संयोजक होता. पुढचं सगळं त्यानं स्वतः मला वहीत लिहून दिलंय, म्हणून सांगतो. तो शहरातून तुमच्यासारखे स्वयंसेवक आणायचा, त्यांच्याकडून वर्ग बांधून घ्यायचा. माणूस मोठा गोडबोल्या. दिवसा स्वयंसेवक भिंत रचत, ती वाकडी होई. ते झोपले की गावातला गवंडी येई, ती उतरवून ओळंब्यात पुन्हा उभी करी. सकाळी मंडळी आपल्याच भिंतीपुढे खुशाल फोटो काढत. कुणाला पत्ता नाही.

एका रात्री गवंड्यानं बत्ती मागितली.

"बत्ती लावलीस तर पोरं जागी होतील," संयोजक म्हणाला. "अंधारातच उरक."

अर्धी उतरवलेली भिंत गवंड्याच्या अंगावर आली. जागीच गेला. सकाळी संयोजकानं सगळ्यांना सांगितलं, दारू पिऊन आला आणि भिंतीवर धडकला. खरं सांगितलं असतं तर रात्रीचं काम उघडं पडलं असतं ना.

गवंड्याची बायको वर्षभर संयोजकाच्या दारात येत राहिली. "साहेब, माझ्या माणसानं कधी थेंबाला तोंड लावलं नाही. माझ्या पोरींना शाळेत दारुड्याच्या म्हणतात. चार लोकांत एकदा खरं सांगा. दुसरं काही नको मला."

"बघू," तो म्हणायचा. वर्षभर बघतच राहिला. वहीत हे वाचलं तेव्हा मला त्याचा संताप आला, आजही येतो.

बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. एकोणीस जानेवारी, गुरुवार, रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या दिवशी संस्थेचे पाहुणे यायचे होते. रात्रीच्या कामाला आता एकही गवंडी तयार नव्हता, त्यामुळे नव्या वर्गाची मागची भिंत वाकडीच राहिली होती. ती झाकायला संयोजक कापडी फलक घेऊन एकटाच गेला. स्टुलावर चढला, एक टोक बांधलं, दुसरं बांधलं.

मागे टक्‌ असा आवाज झाला. विटेवर थापी मारल्यावर होतो तसा.

त्यानं मोबाइलचा उजेड फिरवला. दाराच्या चौकटीत विटांचा एक थर होता. ओला सिमेंटचा माल चमकत होता. येताना तो नव्हता.

"कोण आहे रे?"

कुणी नाही.

टक्‌… टक्‌…

त्यानं धावत जाऊन वीट ओढली. हलली नाही. थर गुडघ्याएवढा झाला. मग कमरेएवढा. हात दिसत नव्हता. माणूस दिसत नव्हता. विटा मात्र चढत होत्या. एका ओळीत. अगदी सरळ.

तो ओरडला. समोरच्या खोलीत वीस जण झोपले होते. एकही जागा झाला नाही.

छाती… गळा… वर एका विटेची जागा उरली. तेवढंच आभाळ.

"सांगतो," तो म्हणाला. रडत होता. "तू प्यालेला नव्हतास. बत्ती मी नाही दिली. उद्या सगळ्यांपुढे सांगतो."

थापी थांबली.

बराच वेळ… काहीच नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी सावकाश श्वास सोडला. संयोजकाच्या जिवात जीव आला. आणि जिवात जीव आला, तशी जुनी सवयही आली.

"फक्त पाहुणे गेल्यावर," तो म्हणाला.

…

टक्‌.

सकाळी स्वयंसेवक आले तेव्हा दार उघडं होतं. चौकटीत वीट नव्हती, मालाचा डागही नव्हता. संयोजक फलकाखाली बसलेला होता. जिवंत होता. डोळे उघडे, तोंड बंद. पाहुण्यांनी विचारलं, हेडमास्तरांनी विचारलं. तोंड उघडेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा कसाबसा उघडला. आत जिभेवर सिमेंटचा थर होता, वरून थापीनं गुळगुळीत केलेला. फोडून काढलं त्यांनी, पण त्या माणसाला पुन्हा शब्द फुटला नाही.

संयोजकाला दवाखान्यात आणणाऱ्यांत गवंड्याचा धाकटा भाऊही होता. ट्रेमधला तो तुकडा त्यानं उचलला. तोही गवंडीच. नखानं खरवडून पाहिलं, टेबलावर आपटून पाहिलं. मग हळूच परत ठेवला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "हे काल रात्रीचं नाही. याला वर्षभर पाणी मारलंय."