केनेथचे एकेचाळीस श्वास

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलंय. प्रेस्टन माझा सख्खा मामेभाऊ, वसईचा. त्याला धड खोटं बोलताही येत नाही.

गेल्या ऑगस्टमधला शुक्रवार. शारजातलं अल नहदा, चौदावा मजला, भर दुपार.

प्रेस्टनचा बँड होता. आयरिश लोकधुनांना रॉकची जोड देऊन वीस-वीस मिनिटांची गाणी करायचे. टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची बासरी, वाजवायचा त्याचा वसईचाच जिवलग मित्र केनेथ. वाजवायचा जीव ओतून.

आणि त्याला दमा होता.

रेकॉर्डिंग प्रेस्टनच्याच बेडरूममध्ये. माइकमध्ये घरघर येते म्हणून एसी बंद. बाहेर सत्तेचाळीस डिग्री.

"खलास यार, दम लागतोय," केनेथ म्हणाला.

"वन मोअर टेक, हबीबी. मग एसी लावतो."

असे सहा टेक झाले.

त्याच संध्याकाळी केनेथ गेला.

प्रेस्टन ढसाढसा रडला. शवपेटी वसईला पाठवली. पण अल्बमचा मोह काही सुटेना. सहावा टेक अप्रतिम होता, फक्त प्रत्येक सुराआधी केनेथची धाप ऐकू यायची.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी तो कॉम्प्युटरवर बसला आणि एकेक श्वास कापत गेला. एकेचाळीस श्वास. मेल्यावरही मित्राला दम खाऊ दिला नाही मेल्यानं!

मग गाणं लावलं. स्वच्छ, सुंदर.

आणि... एसी बंद पडला.

दिवे चालू होते. फक्त एसी.

पलीकडच्या खोलीत त्याची आठ वर्षांची लॉरा चर्चमधलं गाणं म्हणत होती. एक ओळ. दुसरी. पाचवी...

ती मध्ये थांबतच नव्हती.

प्रेस्टन धावला. पोर भिंतीकडे तोंड करून उभी होती. ओठ निळे पडलेले. सूर मात्र चालूच.

"लॉरा! श्वास घे, बाळा!"

ती वळली. हसली.

"वन मोअर टेक, डॅडी."

केनेथ गेला तेव्हा लॉरा सुट्टीला वसईत आजीकडे होती. हे शब्द तिला कोणी सांगितले?

प्रेस्टननं ते गाणंच पुसून टाकलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत. त्याची बायको पामेला हट्टानं सगळ्यांना घेऊन अबुधाबीला, अल रीमला राहायला गेली.

तिथेही दर शुक्रवारी दुपारी एसी आपोआप बंद पडतो...

आणि लॉराचा एक श्वास येत नाही. एकच. पण दर वेळी तो आधीपेक्षा जास्त वेळ अडतो.

प्रेस्टन तिचा हात धरून बसतो आणि मोजतो. दुसरं करणार तरी काय?

काल त्याचा फोन आला.

"एकोणचाळीस श्वास झाले रे," एवढंच म्हणाला.

पुढच्या शुक्रवारचा फोन मी कसाबसा उचलेन. त्याच्या पुढच्या शुक्रवारचा मात्र माझ्याच्यानं उचलवणार नाही.