लेकीची मोसंबी

चहाला उकळी यायच्या आतच मंदाकिनीबाईंच्या मोबाइलवर तांबडी खूण उमटली. एरवी अशी खूण आली की बाई चहा तसाच टाकून झाडवाल्याच्या दारात उभ्या राहत. आज त्या परसात धावल्या. खूण त्यांच्याच मोसंबीची होती.

गावातल्या प्रत्येक फळझाडाच्या बुंध्याला नाडीपट्टी बांधलेली होती. खोडातून चढणारा रस ती मोजायची आणि फांदी मोडली, साल फाटली किंवा रस अडला की बागरक्षकाला कळवायची. काळभेग नावाची बुरशी जखमेतून आत शिरते, आठवड्याभरात हवेत बीजाणू सोडते, आणि मग शंभर पावलांतली एकही मोसंबी वाचत नाही. म्हणून जखमी झाड दिवस मावळायच्या आत जाळायचं, असा नियम होता. बागरक्षक मंदाकिनीबाईच होत्या. दोन वर्षांत त्यांनी एकसष्ट झाडं जाळली होती आणि कुणाच्याही रडण्याला भीक घातली नव्हती.

तीन वर्षांच्या त्या झाडाची फांदी बेचक्यातून उभी चिरली होती, फळांच्या भारानं. कोवळ्या झाडाचा पहिला बहार खुडून टाका, असं बाई साऱ्या गावाला दटावून सांगत. स्वतःच्या झाडाला मात्र त्यांचा हात लागला नाही. लेक ऋतुजा गेली तेव्हा तिची राख नदीत न सोडता त्यांनी या झाडाच्या खड्ड्यात घातली होती. रोप दिलं होतं शेजारच्या निवृत्तीबापूंनी, आपल्या बागेतलं. लेकीच्या झाडाचं पहिलं फूल कोणती आई खुडेल?

बाईंनी चौदाही मोसंब्या उतरवल्या. फांदी उचलून भेग मिटवली, बांबूच्या चिपा लावल्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं, वर शेणमातीचा लेप दिला आणि खाली टेका. मग नाडीपट्टी सोडून कोपऱ्यातल्या पेरूला बांधली. पट्टीला रस हवा होता, झाड कोणतं याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. मोबाइलवरची खूण हिरवी झाली. नोंदीत बाईंनी लिहिलं, ‘सूचना चुकीची.’

"काय गं मंदा, सकाळीच शेणात हात?" कुंपणापलीकडून बापूंनी विचारलं.

"टेका देतेय बापू. फळानं वाकलं होतं."

"जप बाई. पोरीचं झाड हाय ते."

दहाव्या दिवशी त्यांनी लेप खरवडला. भेग सांधली होती, कडेनं कोवळी साल भरत आली होती. बाई तिथंच बसून हमसून हमसून रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. मग सवयीनं त्यांनी सालीची कड नखानं उचलून पाहिली. आत केसाएवढी काळी रेघ होती, थेट बुंध्याकडे गेलेली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. एक तांबडी खूण. मग चार. मग अकरा. सगळ्या बापूंच्या बागेतल्या. चार दिवसांपूर्वीच तिथं तोडणी झाली होती आणि तुटलेला प्रत्येक देठ उघडाच होता.

बापू कुंपणाशी आले तेव्हा त्यांच्या हातात काळी पडलेली डहाळी होती.

"दोनशे झाडं गं, मंदा. आता समदी जाळावी लागतील ना?" त्यांनी डहाळी बाईंपुढं धरली. "माझ्या झाडाला मी कधी ओरखडा येऊ दिला नाही. गावातलं जखमी झाड तू एकबी ठेवलं नाहीस. मग हे आलं तरी कुठून?"