तुपात पडलेली बिस्कोटी

"कोळशाला कापूर लावलात का हो?"

हिमानीनं दचकून मान वर केली. शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून एक तरुण उभा होता. डोक्याला मफलर, हातात स्टीलचा पेला, पेल्यातून चहाची वाफ... आणि चेहऱ्यावर दहावीच्या वर्गात प्रश्न विचारावा तेवढं गांभीर्य.

"हो. का?"

"काही नाही. आमच्या खोलीत आरती सुरू झाल्यासारखं वाटलं, म्हणून बघायला आलो."

डिसेंबरचा पहिला रविवार होता. तापीवरून आलेलं धुकं अजून घराघरांच्या टाक्यांवर रेंगाळत होतं, आणि हिमानी गेला तासभर गच्चीवर एका ग्रिलशी झुंजत होती. झाकणाचं, कोळशावरचं ते ग्रिल तिच्या भावाचं, मयूरचं. दोनदा पनीर भाजून तो भोपाळला नोकरीवर निघून गेला आणि ग्रिल कोपऱ्यात पडून राहिलं. दिवाळीनंतर ओव्हनची कॉइल जळाली तेव्हा हिमानीला त्याची आठवण झाली. कोळसा काही केल्या पेटेना, मग तिनं देवघरातला कापूर आणला. कोळसा पेटला, आणि आतल्या बिस्किटांनाही कापराचा वास लागला.

"घ्या, खाऊन बघा," ती चिडून म्हणाली आणि एक तुकडा कठड्यापलीकडे धरला.

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मग तोंडात टाकला. "प्रसाद चांगला झालाय. जरा कडक आहे, बस."

"कडकच असतं ते! बिस्कोटी म्हणतात त्याला. इटलीकडचं. आधी पिठाची अख्खी लोळी भाजायची, मग तिरपे काप करायचे, आणि ते काप पुन्हा भाजायचे."

"मतलब... आमची बट्टीच की. फक्त काप करून तुपात तळली जात नाही बिचारी."

हिमानीला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच.

त्याचं नाव निरंजन. जवळच्या डोईफोडिया गावचा. जूनपासून शेजारच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होता, एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवत होता. सहा महिने दोघांच्या दोऱ्यांवरचे कपडे शेजारी शेजारी वाळत होते, आणि दोघांना एकमेकांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो कठड्यावरून आला नाही. खालच्या फाटकातून आला, चपला काढल्या आणि निर्मलाकाकूंना, म्हणजे हिमानीच्या आईला, रीतसर विचारलं, "काकू, वर जाऊ का? तुमची मुलगी कोळसा फुकट घालवून राहिली."

"जा बापा जा," काकू म्हणाल्या, "माझा अर्धा कापूरही घालवला तिनं."

वर येऊन त्यानं सगळे निखारे चिमट्यानं दोन बाजूंना सारले. मधली जागा मोकळी ठेवली, तिथे वीट आणि विटेवर ट्रे. मग मूठभर राख घेऊन निखाऱ्यांवर अलगद भुरभुरली.

"विझेल ना!"

"नाही विझत. शांत होतो. माझी आई बट्टीच्या गोवऱ्यांना असंच करते. जाळ जास्त झाला की बाहेरून काळं, आतून कच्चं."

"तुम्ही मुलांना पण असंच शिकवता?"

"मुलं एवढे प्रश्न नाही विचारत."

त्या दिवशी पहिल्यांदा लोळ्या खालून जळल्या नाहीत. संत्र्याची साल आणि बडीशेप घातलेल्या त्या लोळ्या सोनेरी झाल्या, आणि झाकण उघडताच असा वास सुटला की पलीकडच्या घरातली बाई धुणं टाकून बघत राहिली. हिमानी तिरपे काप करत होती, निरंजन ते ट्रेवर मांडत होता. लोळ्यांच्या दोन टोकांचे वेडेवाकडे तुकडे त्यानं गुपचूप खिशात टाकले.

"चोरी?"

"ट्यूशन फी."

"महाग आहात तुम्ही, सर."

"रविवारीच महाग असतो... बाकीचे दिवस कोणी विचारत नाही." हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. थंडीनं असतील, असं हिमानीनं स्वतःला सांगितलं. तिचेही तसेच तापले होते.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तिनं त्याला त्याच दिवशी सांगून टाकलं. इंदूरला ती वर्षभर बेकिंग शिकली होती. पुढे तिथेच काम करायचं ठरलं होतं, पण वडिलांची, दिगंबररावांची, बायपास झाली. दोन महिन्यांसाठी आलेली हिमानी दीड वर्ष बुऱ्हाणपुरातच राहिली. आता वडील ठणठणीत होते, कापडाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखे भांडत होते. आणि तिला शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडमचा फोन आला होता. त्या स्वतःचा कॅफे उघडत होत्या. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तीन चवींची बिस्कोटी घेऊन ये, तिन्ही आवडल्या तर काम तुझं, असं म्हणाल्या होत्या.

"तिसरी चव ठरत नाहीये," हिमानी म्हणाली. "संत्रं झालं, कॉफी-बदाम जमेल. तिसरी अशी हवी, की इंदूरच्या कोणाला सुचणारच नाही."

"सुकेळी घाला," निरंजन म्हणाला. "फोपनारला माझा मित्र आहे, योगेंद्र. त्याच्या घरी केळी वाळवतात. सुकेळी आणि जायफळ."

तिसऱ्या रविवारी त्यानं सुकेळी आणली. हिमानीनं ती बारीक चिरून पिठात मिसळली, वर जायफळ किसलं. पहिला काप दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.  खाली कुठेतरी यंत्रमागांची खटखट चालू होती, निखारे राखेखाली मंद तडतडत होते.

"जमलं," ती हळूच म्हणाली.

"हो. पक्कं जमलं. तू इंदूरला जाणार."

तो 'तू' म्हणाला होता. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं. पण 'इंदूरला जाणार' म्हणताना त्याचा आवाज कसा पडला, तेही तिच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून ती सोमवारची वाट बघेनाशी झाली. दीड वर्ष जे मागितलं ते दारात आलं होतं, आणि तिच्या जिवाला मात्र रविवार संपायची धास्ती लागली होती. माणसाचं मन किती नाठाळ असतं! हवं ते मिळू लागलं की त्याला शेजारच्या गच्चीवरचं हवंसं वाटू लागतं.

शेवटचा रविवार उजाडला. थंडीत एकदा तरी गच्चीवर वरण-बट्टी व्हायलाच हवी, असा काकूंचा शिरस्ता. त्यांनी तोच दिवस धरला. "सर, बट्टी तुमच्याकडे. तुमच्या हातची खायचीये आज."

हिमानीनं संत्र्याची आणि कॉफीची बिस्कोटी शनिवारीच डब्यात भरली होती. सुकेळीच्या लोळ्या रविवारी सकाळी पहिल्यांदा भाजल्या, आणि गार व्हायला फडक्याखाली कठड्यावर ठेवल्या. त्यांच्याच शेजारी निरंजनच्या बट्टीच्या लोळ्या, त्याही भाजलेल्या, त्याही फडक्याखाली. हळद आणि ओवा घातलेल्या, तेवढ्याच लांब, तेवढ्याच पिवळ्या. दुसऱ्या शेगडीवर कढईत तूप तापत होतं. हिमानी जेवायची पानं आणायला खाली गेली.

ती वर आली तेव्हा कढईत काहीतरी चुकलं होतं. तूप फसफसत होतं, काप विरघळून तुकडे होत होते आणि सगळ्या गच्चीवर जायफळाचा गोड, करपट वास भरला होता. निरंजन झारा हातात धरून नुसता उभा होता.

"अगं बाई! सरांनी बिस्किटाची बट्टी केली!" काकूंना हसू आवरेना. दिगंबररावांनी एक तुकडा उचलून खाल्लाही आणि वाईट नाही म्हणाले.

हिमानीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं ते परतवलं. "होतं असं. दोन्ही लोळ्या सारख्याच दिसत होत्या." ती हसलीसुद्धा. सगळ्यांना वाढलं, स्वतः दोन घास खाल्ले, आणि खाली आपल्या खोलीत जाऊन बसली. सुकेळी संपली होती. उद्या सकाळी सातची बस. तीन चवी सांगितल्या होत्या आणि हातात दोनच होत्या. प्रतिभा मॅडम शब्दाच्या किती पक्क्या, ते तिला ठाऊक होतं.

चार वाजता गच्चीवरून पुन्हा धुराचा वास आला. ती धावत वर गेली.

निरंजन ग्रिलपुढे उकिडवा बसला होता. निखारे दोन बाजूंना, मध्ये वीट. शेजारी परात, पीठ-लोण्याचे डबे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकेळी. मोटरसायकलवर फोपनारला जाऊन आला होता तो, नाक आणि बोटं थंडीनं सुजल्यासारखी झाली होती.

"पीठ मळ," तो म्हणाला. "सहापर्यंत होऊन जाईल."

"निरंजन..." ती सुकेळीकडे बघत म्हणाली. "एवढं कशाला? चुकून झालं ना."

 तो चिमट्यानं एकच निखारा उगाच इकडून तिकडे करत राहिला.

"चुकून नाही झालं, हिमानी."

"म्हणजे?"

"फडकं काढलं तेव्हा मला पण बट्टीच वाटली. पण सुरी लावली आणि जायफळाचा वास आला. मला कळलं. कापतानाच कळलं. हात थांबवता आला असता... नाही थांबवला." त्यानं आता सरळ तिच्याकडे बघितलं. "एवढंच मनात आलं, की ही नाही गेली तर बरं. मग तूप उसळलं, आणि मला माझीच लाज वाटली. सगळे हसून राहिले होते, तू पण हसलीस. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण उद्या बसमध्ये बसताना तू मला चांगला माणूस समजून बसली असतीस. ते नको होतं."

 हिमानीला असा राग आला, की समोरची परात तिनं उचलून दणकन खाली आपटली.

"माझ्या दीड वर्षाचं काम होतं ते! तोंडानं सांगता येत नव्हतं? 'थांब' म्हणता येत नव्हतं?"

"थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. आयुष्यभर मला बोलली असतीस."

"ते मी ठरवीन ना! मी थांबणार की जाणार, हे तू कोण ठरवणार? आणि तेही कढईत?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "म्हणून तर फोपनारला गेलो."

ती पाठ फिरवून पीठ मळायला बसली. लोणी, साखर, पीठ, चिरलेली सुकेळी. राग सगळा मुठीत उतरत होता, आणि मुठी जसजशा मंदावल्या तसतसं तिला एक गोष्ट नाकारता येईना. दुपारी कढईत ते काप विरघळताना बघून डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खरं. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, तिला हायसं वाटलं होतं. चला, आता जायला नको. हे तिनं दिवसभर स्वतःपासूनही लपवलं होतं.

"मलाही बरं वाटलं होतं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "क्षणभर. तुपात पडलेलं बघून."

त्याच्या हातातला चिमटा थांबला.

"म्हणूनच मी जाणार," ती पुढे म्हणाली. "तुझ्यासाठी थांबले तर मी तुला कधीच माफ करणार नाही. आणि तू न बोलता मला जाऊ दिलंस, तर तेही माफ करणार नाही. कळलं का, सर?"

"कळलं."

"काय कळलं?"

लोळ्या ट्रेवर ठेवल्या गेल्या, झाकण बसलं. ऊन उतरत चाललं होतं, गार वारा सुटला होता. निरंजननं मफलर काढून तिच्या खांद्यावर टाकला. मग हातांचं काय करावं ते न कळून ते खिशात घातले, बाहेर काढले.

"तू जा," तो म्हणाला. "काम घे. मी... मी शनिवारी शाळा सुटली की बसनं येत जाईन. रविवारी रात्री परत. तू म्हणशील तोवर. हिमानी, मला तू आवडतेस. आवडतेस म्हणजे... लग्न करायचंय मला तुझ्याशी. कॅफे झाल्यावर. कॅफे असताना. केव्हाही."

एवढं सलग तो वर्गातही बोलत नसावा. हिमानी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गालाला राख लागली होती. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि तिला इतकं प्रेम वाटलं त्याचं, की रडू येईल असं वाटलं. ती उठली आणि कठड्यावरून खाली वाकली.

"आई! ए आई! बाबांना घेऊन वर ये जरा!"

"काय झालं गं?" खालून काकूंचा आवाज आला. "पुन्हा काही तुपात पडलं का?"

"नाही! निरंजनला काहीतरी सांगायचंय तुम्हाला!"

"हिमानी!" निरंजन कुजबुजला. त्याचा चेहरा उतरला होता. "आत्ता? मी तयारी नाही केली..."

"तयारी केलीस की पुन्हा गप्प बसशील." तिनं आपल्या पिठाच्या बोटांनी त्याच्या गालावरची राख पुसली, आणि हात तिथेच राहू दिला. जिन्यात चपलांचा आवाज आला तेव्हाही तिनं तो काढला नाही. "बोल आता. मी इथेच आहे."