कूकाबाईंच्या पातेल्यावरचा आळ

कूकाबाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं, त्याच्याभोवतीचं फडकं सोडलं आणि म्हणाल्या, "खाऊन बघ, ओतिलिया. यात विष आहे म्हणतात."

ओतिलिया बाराहासने झाकण उचललं. आत घेवडा होता. कांदा आणि मीठ घालून शिजवलेला, घरोघरी असतो तसाच. ती वास घेत होती, तोवर तिच्या दिराने, चोनने, पावाचा तुकडा मोडून आत बुडवलासुद्धा.

चोन टॅक्सी चालवायचा. भाऊ गेल्यापासून वहिनीला तिच्या खासगी तपासाच्या कामात मदत करतो, असं त्याचं म्हणणं. जेवणाच्या वेळेला बरोबर हजर होतो, असं वहिनीचं.

"विष असेल तर झकास शिजलंय," चोन म्हणाला.

"भाऊजी, तो पुरावा आहे."

"म्हणून तर तपासतोय, वहिनी."

कूकाबाई हसल्या नाहीत. एरवी ही बाई रडणाऱ्यालाही हसवायची. तिची मुलगी यारेली फ्लायवेट गटातली बॉक्सर. इथे मेक्सिकोत, आपल्या ग्वादालाहारातच तिची जागतिक विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत ठरली होती, आणि आमच्या वस्तीतल्या प्रत्येक दुकानावर तिचं पोस्टर होतं. आता निम्मी पोस्टरं उतरली होती.

"लघवीच्या तपासणीत क्लेनब्युटेरॉल सापडलं," कूकाबाई म्हणाल्या. "जरासंच, पण सापडलं."

"गुरांना देतात ते?" चोनने विचारलं.

"तेच. चरबी कमी आणि मांस जास्त व्हावं म्हणून खाद्यात मिसळतात ना, ते. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून तर सराव सुरू झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात बीफ आलेलं नाही. मासे, अंडी, घेवडा, मक्याच्या पोळ्या. तरी सगळी वस्ती म्हणते, कूकाने चवीसाठी पातेल्यात काहीतरी टाकलं."

"आणि यारेलीला काय शिक्षा?"

"सोमवारी बॉक्सिंग आयोगापुढे सुनावणी आहे. ते कुठून आलं हे सांगता आलं नाही, तर दोन वर्षं बंदी. वाढलं कुणी याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. खेळाडूच्या पोटात जे जाईल त्याला खेळाडू जबाबदार, असा नियम." त्यांनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "अकरा वर्षांची होती तेव्हापासून या एका रात्रीसाठी मार खातेय ती."

"त्या पातेल्यातलं आणखी कोण जेवतं?"

"सगळेच. वस्ताद, मी, ब्रिसा. ब्रिसा म्हणजे तिच्या सरावाची जोडीदार. त्याच दिवशी तिचीही तपासणी झाली. तिच्यात काही सापडलं नाही."

ओतिलियाने पातेलं चोनपुढे सरकवलं. "मग खा निर्धास्त. पातेलं निर्दोष आहे. यारेलीच्या पोटात गेलं आणि ब्रिसाच्या गेलं नाही, असं काहीतरी आपल्याला शोधायचंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं व्यायामशाळेत पोचले. दाराशीच एका टेबलामागे एलाडिओ वस्ताद संत्री पिळत उभे होते. सत्तरीचा माणूस, नाक दोनदा मोडलेलं, हात अजून लाकडासारखे. बाजूला बीटचा ढीग आणि मिक्सर. टेबलाखाली संत्र्यांच्या सालींत एक करडं मांजर बसून वर बघत होतं. दिवसभर झोपून असायचं म्हणून त्याचं नाव नॉकआउट. आता मात्र ते टक्क जागं होतं आणि सारखं ओरडत होतं.

"मांस?" वस्ताद म्हणाले. "या दारातून मांसाचा धागा आत आलेला नाही. बीफ बंद करायला कूकाबाईंना सांगितलं कुणी? मीच."

"आणि हा रस?"

"बीट आणि संत्रं. मागच्या लढतीआधी वजन करताना पोरगी चक्कर येऊन पडली होती. रक्त कमी. कूकाबाईंना म्हटलं, हे माझ्यावर सोडा. आता बघा गाल कसे झालेत."

"ब्रिसाला देत नाही?"

"तिला कशाला? ती बैलासारखी धडधाकट आहे." त्यांनी पायाने मांजराला बाजूला सारलं. "या नॉकआउटला काय झालंय कळत नाही. गेले काही दिवस नुसती कटकट चाललीय."

यारेली दोरीवरच्या उड्या संपवून आली. बारीक, चपळ, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. वस्तादांनी ग्लास पुढे केला. तिने डाव्या हाताने नाक दाबलं, एका दमात ग्लास रिकामा केला आणि ठेवून दिला.

"पाहुण्यांनाही द्या," ओतिलिया म्हणाली.

चोनने घोट घेतला, ओठ चाटले आणि ग्लास रिकामा केला. "वस्ताद, आणखी एक मिळेल? काय गोड आहे."

ओतिलियाने त्याच्याकडे पाहिलं, मग यारेलीकडे पाहिलं.

ब्रिसा कोपऱ्यात हाताला पट्ट्या गुंडाळत होती. यारेलीवर बंदी आली तर पट्ट्यासाठी लढायला तीच उतरणार, हे चोनने वहिनीला आधीच कळवून ठेवलं होतं. तिच्या उघड्या पिशवीत त्याला एक बाटली दिसली आणि त्याची छाती फुगली.

"खोकल्याचं औषध," त्याने लेबल वाचलं. "वहिनी, यात तेच आहे. क्लेनब्युटेरॉल."

"आहेच," ब्रिसा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर सील तोडलं नाही. मध्यंतरी खोकला झाला होता. दुकानदाराने दिली, मी लेबल वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हात लावू नकोस. आईचा काढा पीत बसले."

चोनने झाकण तपासलं. सील खरोखरच शाबूत होतं.

"तू प्रत्येक गोष्ट अशी विचारतेस?" ओतिलियाने विचारलं.

"विचारते. सगळे मला चिकित्सक म्हणतात. यारेली कुणाला काहीच विचारत नाही. समोर ठेवलं की गिळते." मग म्हणाली, "बाई, तिची जागा मला नकोय. मला तिला हरवायचंय. रिंगमध्ये."

व्यायामशाळेच्या मागच्या बाजूलाच कूकाबाईंचं स्वयंपाकघर होतं. त्या मासे साफ करत होत्या. चोनने आपला दुसरा तर्क मांडला: सुजलेल्या डोळ्यावर कच्च्या मांसाचा तुकडा ठेवतात, त्यातून तर अंगात गेलं नसेल?

"माझ्या पोरीचा डोळा सुजवणारी अजून जन्माला यायचीय," कूकाबाई म्हणाल्या.

मोरीपाशी माशांची डोकी पडली होती. ओतिलिया त्यांच्याकडे बघत राहिली. "मांजर इथे फिरकत नाही?"

"पूर्वी पायांत यायचं. हल्ली ढुंकून बघत नाही. बसतं आपलं वस्तादांच्या टेबलाखाली."

"गाळणी नवीकोरी दिसतेय."

"वस्तादांनी आणून दिली. माझी जुनी बारीक जाळीची होती, काय सुरेख गाळायची. रसासाठी नेली आणि खराब झाली म्हणाले. बीटने गाळणी कशी खराब होते, देव जाणे."

शेवटी ओतिलिया यारेलीजवळ बाकावर बसली. पोरगी पट्ट्या सोडत होती.

"बाहेर कुठे काही खाल्लंस?"

"टाकोसुद्धा नाही, मावशी."

"सोमवारी काय सांगणार?"

"मला माहीत नाही, असं."

"खरंच माहीत नाही?"

यारेलीने पट्टीची गुंडाळी घट्ट केली. "नाही," ती म्हणाली आणि वस्तादांकडे न बघता उठून गेली.

बाहेर आल्यावर चोनने टॅक्सी सुरू केली. "मला विचाराल तर, वहिनी, यातलं कुणीच खोटं बोलत नाहीये."

"बरोबर आहे तुमचं, भाऊजी. आता बाजारात चला. मांसाच्या गल्लीत, कोथळा-कलेजीवाल्यांकडे. तिथे तुम्ही तुमचं लाडकं काम करायचं."

"खायचं?"

"गप्पा मारायचं."

*

रविवारी ओतिलियाने सगळ्यांना व्यायामशाळेत बोलावलं. सराव नव्हता. वस्ताद, कूकाबाई, ब्रिसा आणि यारेली रिंगच्या कडेला बसले. चोन कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आला आणि त्याने ते रसाच्या टेबलावर ठेवलं.

नॉकआउट कुठून आलं ते कुणाला दिसलंच नाही. एका झेपेत ते टेबलावर होतं आणि कागद फाडत होतं. कागदाखालून काळपट लाल काहीतरी चमकलं.

"कलेजी," ओतिलिया म्हणाली. "गाईची. वस्ताद, मांजराला संत्र्याचा वास सहन होत नाही. सालीच्या वाऱ्याला उभं राहत नाही ते. तरी हे मांजर माशांची डोकी सोडून संत्र्यांच्या सालींत बसतं. म्हणजे त्या टेबलावरून त्याला माशाहून चांगलं काहीतरी मिळत होतं. आणि आता मिळेनासं झालंय, म्हणून ओरडतं."

वस्तादांनी मान खाली घातली.

"बारीक जाळीची गाळणी बीटने खराब होत नाही. कच्ची कलेजी वाटून गाळली तर होते, मग कितीही घासा. रस फक्त यारेलीला, कारण रक्त तिचं कमी. आणि बीट अशासाठी, की त्याच्या रंगात काहीही लपतं."

"गल्लीतला कलेजीवाला तर तुमचं कौतुक करत होता," चोनने भर घातली. "म्हणे, एलाडिओ वस्ताद कोवळी कलेजी निवडून नेतात, पण आताशा येत नाहीत."

"गुरांना दिलेलं ते औषध मांसापेक्षा कलेजीत जास्त साठतं," ओतिलिया म्हणाली. "वस्ताद, तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत. मांसाचा धागा आला नाही म्हणालात. कारण तुमच्या लेखी ते मांसच नव्हतं."

"औषध होतं ते," वस्ताद म्हणाले. "चक्कर यायची तेव्हा माझ्या वस्तादांनी मला तेच पाजलं. त्यांना त्यांच्या वस्तादांनी. बीफ बंद करा म्हणून मीच सगळ्यांना बजावत होतो, आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने... पण माझ्या डोक्यातच आलं नाही, बाई. अहवाल आला तेव्हा लख्ख कळलं. त्या दिवसापासून थांबवलं."

"आणि बोलला नाहीत," कूकाबाई म्हणाल्या. "माझं पातेलं वस्तीभर बदनाम होत होतं, तुम्ही त्यातलाच घेवडा खात होतात, आणि बोलला नाहीत."

"रिंगमधल्या तिच्या कोपऱ्यातून मला काढून टाकतील, म्हणून घाबरलो. एवढीशी होती तेव्हापासून तिथे उभा आहे. दुसरं आहे काय मला?" त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "उद्या मी सांगतो आयोगाला. पोरीला न सांगता पाजलं. तिला काही माहीत नव्हतं. सुटेल ती."

"ते खरं आहे," ओतिलिया म्हणाली. "पण निम्मं."

मांजर कलेजीवर तुटून पडलं होतं.

"भाऊजींनी परवा दोन ग्लास रिचवले. गोड लागला त्यांना, कारण आता त्यात नुसतं बीट आणि संत्रं आहे. यारेलीने मात्र नाक दाबून घेतला. इतके दिवस दाबत आली होती, त्या सवयीने. गोड रसाला कुणी नाक दाबतं?"

यारेलीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण माझ्या नाकाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून वास येत होता. विचारलं असतं तर वस्तादांनी खरं सांगितलं असतं, ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत. मग मला सोडावं लागलं असतं. आणि चक्कर यायची थांबली होती. अंगात जोर आला होता. म्हणून नाही विचारलं."

"आणि अहवालानंतर?"

"तेव्हाही नाही. विचारलं असतं तर वस्ताद गेले असते." ती उठली आणि वस्तादांसमोर उभी राहिली. "उद्या तुम्ही तुमचं सांगा. मी माझं सांगणार. तोंड माझं होतं."

"पोरी, नाकाचं सांगू नकोस. पट्टा जाईल."

"गेला तर परत मिळवू. तुम्हीच शिकवलंत, मार लपवायचा नाही, नाहीतर पुढचा दिसत नाही."

वस्तादांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पट्ट्या बांधताना दाबायचे तशी तिची बोटं एकेक करून दाबत राहिले. कूकाबाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसं हातातलं फडकं लावलं, आणि मग त्याच फडक्याने वस्तादांच्या पाठीत एक फटका दिला.

"माझी गाळणी मला परत पाहिजे," त्या म्हणाल्या. "खराब तर खराब."

*

आयोगाने दोघांचंही ऐकून घेतलं, बाजारातल्या त्याच गाळ्यावरून कलेजी नेऊन तपासली आणि तिच्यात तेच क्लेनब्युटेरॉल सापडलं. गाळ्याला टाळं लागलं. यारेलीला कडक ताकीद मिळाली आणि लढत डिसेंबरपर्यंत पुढे गेली. वस्तादांना त्या एका लढतीपुरतं तिच्या कोपऱ्यात उभं राहायला मनाई झाली. न विचारल्याबद्दल आणि खरं बोलल्याबद्दल, दोन्हींचा हिशेब धरून हे ठरलं, असं यारेलीने आईला सांगितलं.

पोस्टरं पुन्हा लागली. कूकाबाईंच्या दाराशी शेजारणी वाट्या घेऊन घेवडा मागायला येऊ लागल्या, आणि त्यांनी प्रत्येकीला वाढला. टोमणा मारून, पण वाढला.

लढतीच्या दिवशी वस्ताद प्रेक्षकांत कूकाबाई आणि ओतिलियाच्या मधे बसले होते. हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून कूकाबाईंनी आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली होती. कोपऱ्यात त्यांच्या जागी ब्रिसा होती.

चौथ्या फेरीनंतर यारेली धापा टाकत स्टुलावर येऊन बसली. गुण तिच्या बाजूने चालले होते, भुवई मात्र फुटली होती. ब्रिसाने बाटली पुढे केली. यारेलीने ती हातात घेतली, तोंडाजवळ नेली आणि थांबली. तिचे ओठ हलले. ब्रिसाने हसून काहीतरी उत्तर दिलं, तेव्हा कुठे ती प्यायली.

"काय म्हणाली ती?" चोनने मागच्या रांगेतून विचारलं. त्याच्या तोंडात शेंगदाणे होते.

"यात काय आहे, असं विचारलं," वस्ताद म्हणाले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण तिचे ओठ वाचायला त्यांना आयुष्यात कधी अडचण आली नव्हती. "पाणी आहे, म्हणाली ब्रिसा."

आणि पाचव्या फेरीची घंटा होईपर्यंत ते कूकाबाईंची पिशवी पोटाशी धरून, सगळ्यांदेखत, खुशाल रडत बसले.